सहावी फीत

शनिवारी सकाळी जेल रोडच्या चौकात फ्लेक्स लागला आणि हिरामण सरोदे पंचाहत्तराव्या वर्षी शूर झाले.

ते दूध आणायला गेले होते. एरवी त्यांच्याकडे न बघता पिशव्या पुढे सरकवणाऱ्या डेअरीवाल्याने आज हात जोडले. पंक्चरवाला हातातला पाना ठेवून उभा राहिला. आपल्या मागे कोणी पुढारी उभा असेल असं वाटून हिरामण बाजूला सरकले आणि मागे वळले. मागे कोणी नव्हतं. वर मात्र ते स्वतःच होते, दोन माणसांच्या उंचीचे, अंगात कडक वर्दी, पाठीशी रणगाडा. हिरामण वीस वर्षं तोफखान्यात होते. रणगाड्यात ते जन्मात कधी बसले नव्हते. पायाशी लिहिलं होतं, ‘शौर्यपदक विजेते वीर हवालदार हिरामण सरोदे यांचा अमृतमहोत्सवी सत्कार’, आणि बाजूला निमंत्रक संतोषभाऊ सरोदे, हात जोडून, वडिलांपेक्षा वीतभर मोठे.

घरी येऊन त्यांनी दूध ओट्यावर ठेवलं.

“नवसा, चौकात पोस्टर लागलंय.”

“बघितलं. संतोषनं फोनवर दावलं,” नवसाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. “बरे दिसता.”

“ती वर्दी माझी नाय.”

“तुमची उंदरांनी खाल्ली. मग काय उघड्यानं उभं करायचं व्हतं?”

“अन् ते शौर्यपदक?”

“ते संतोषला विचारा. मला काय कळतं त्यातलं.”

नवसाबाईंना त्यातलं सगळं कळत होतं. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्याकडे गरजेपेक्षा जास्त लक्ष दिलं.

संतोष थोरला मुलगा, पन्नाशी ओलांडलेला. सिमेंट-लोखंडाचं दुकान, दोन मजली बंगला, आणि कित्येक वर्षं लांबलेली महापालिकेची निवडणूक एकदाची लागणार म्हणताच चढलेला तिकिटाचा ताप. पक्षाच्या साहेबांनी प्रत्येक इच्छुकाला एकच विचारलं होतं, “तुझ्याकडे काय आहे?” एकाकडे शाळा निघाली, एकाकडे गणेश मंडळ, एकाकडे चार जेसीबी. संतोषने घरी येऊन इकडे तिकडे पाहिलं, तेव्हा आपल्याकडे वडील आहेत असं त्याच्या लक्षात आलं.

इतके दिवस ते त्याच घरात, मागच्या खोलीत राहत होते. हॉलमधल्या काचेच्या कपाटात संतोषची स्वतःची सन्मानचिन्हं दाटीवाटीने उभी होती. कोणी समाजभूषण म्हटलेलं, कोणी कार्यसम्राट. दोन तर त्याने स्वतःच भरवलेल्या कार्यक्रमात स्वतःलाच दिलेली. वडिलांची पाच पदकं पोटमाळ्यावर बिस्किटाच्या डब्यात होती, बटणं आणि सुयादोऱ्यांच्या संगतीला. तो डबा गेल्या महिन्यात खाली आला.

दुपारी सगळे हॉलमध्ये जमले. धाकटा भिकन ओझरहून आला होता. तो तिथल्या विमानाच्या कारखान्यात कामाला. थोरल्याचं त्याला काहीच पटत नसे आणि थोरल्याकडचं जेवण तो कधी चुकवत नसे. संतोषची मुलगी वेदिका, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, फोन घेऊन सज्ज होती. संतोषने पिशवीतून नवा निळा कोट काढून वडिलांना घातला. देवळाली कॅम्पातल्या, फौजी सामान विकणाऱ्या एका दुकानातून त्याने पदकांच्या फिती करून आणून कोटावर शिवून घेतल्या होत्या, दोन ओळींत, तीन वर, तीन खाली.

“आजोबा, इकडे बघा. आता फितींवरून हळूच हात फिरवा,” वेदिका म्हणाली.

हिरामणनी हात फिरवला. खालच्या ओळीच्या शेवटी बोट थांबलं. तांबडी फीत, मधोमध पांढरी रेघ.

“ही कोणाची?”

“तुमचीच, अण्णा,” संतोष म्हणाला.

“माझ्या पाच हायेत.”

“पाचच होत्या ना, तेच झालं. वर तीन, खाली दोन. फोटोत एक बाजू बोडकी दिसायची. दुकानदार म्हणाला, सहावी लावा, नीट बसेल. म्हटलं लावा.”

“कोणती लावा म्हटलास?”

“रंगाला जाईल अशी.”

भिकन सोफ्यावर मागे रेलून हसायला लागला. संतोषने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. “शिवून झाल्यावर त्याने सांगितलं, ही शौर्याची आहे. मी म्हटलं, चांगलंच झालं.”

हिरामणनी बोट वरच्या ओळीच्या सुरुवातीला नेलं. “शौर्याची फीत पहिली लावतात,” ते म्हणाले. “वरच्या ओळीत, सगळ्यांच्या आधी. तू शेवटी लावलीस. ज्याला कळतं तो लांबूनच सांगंल, ही उसनी हाय म्हणून.”

“कळणारा येणार कोण आहे, अण्णा?”

“बाकीच्या कशाकशाच्या आहेत, आजोबा?” वेदिकाने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. घरात कोणी कधी विचारलं नव्हतं.

हिरामणनी एकेकीवर बोट ठेवलं. “ही एकाहत्तरला पश्चिमेच्या सरहद्दीवर व्हतो म्हणून. ही त्या साली फौजेत व्हतो म्हणून. सरहद्दीपासून लांब व्हते त्यांना बी मिळाली. ही स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्याची. त्या दिवशी मी दवाखान्यात व्हतो, गालफुगी झाली व्हती. ही नऊ वर्षं नोकरी झाली त्याची. अन् ही वीस वर्षांची.”

“म्हणजे हजेरीच्या,” भिकन म्हणाला. “पाचही हजेरीच्या. गेला नाही आणि मेला नाही म्हणून. दादा, आमच्याकडे पंचवीस वर्षं झाली की भिंतीवरचं घड्याळ देतात. ते मी काय छातीवर बांधून फिरतो?”

“छातीवर नाही बांधलंस. दारासमोर लावलंयस, आलेल्याला पहिलं तेच दिसेल असं.”

“ते वेळ बघायला.”

“तीन मोबाइल आहेत तुझ्या घरात.”

भिकनने तत्काळ तत्त्वाचा मुद्दा काढला. “अण्णा, माझं ऐका. हे सगळं काढून डब्यात ठेवा, नाहीतर टाकून द्या. हजेरीच्या चिंध्यांवर काय सत्कार घ्यायचा? त्यात ही सहावी म्हणजे शुद्ध चोरी. उद्या कोणी तक्रार केली तर?”

हिरामण कोटाची बटणं काढायला लागले. धाकटा आपल्या बाजूने बोलला याचं त्यांना बरं वाटलं होतं, पण चिंध्या हा शब्द कुठेतरी टोचला होता. एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून नवसाबाई म्हणाल्या, “राहू द्या ती.”

सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

“राहू द्या म्हणते. एका फितीनं कोणाचं घर बुडत नाय.”

“आई, तू पण?” भिकन म्हणाला.

“मी पण. हे फौजेत व्हते तवा मी नांदगावला, सासरी. जावा म्हणायच्या, तुझा दादला तिकडं साहेबाची भांडी घासतो. लढाई झाली, सुट्टीला आले, गावानं नारळ बी दिला नाय. उद्या त्याच जावा येणार हायेत गाडी करून. बसू द्या त्यांना खाली खुर्चीत, अन् बघू द्या वर.”

नवसाबाई इतकं सलग कधी बोलत नसत. संतोषला भरून आलं. आईला आपलं कधी काही पटल्याची त्याला आठवण नव्हती. त्याने वडिलांची काढलेली बटणं पुन्हा लावली. खरं सांगायचं तर या माणसाशी त्याची ओळख उशिराच झाली होती. लहानपणी वर्षातून एकदा एक पत्र्याची ट्रंक दारात यायची आणि तिच्यामागून हा माणूस. ओळख वाढतेय तोवर ट्रंक परत निघायची. गावातल्या पोरांना त्याने तेव्हाही सांगितलं होतं, माझा बाप लय शूर आहे. फ्लेक्सवर त्याने आता तेच छापलं होतं, फक्त अक्षर मोठं होतं.

“धम्मपालला बोलावलंय का?” हिरामणनी विचारलं.

संतोषचा हात बटणावर थांबला. कॅनॉल रोडचा धम्मपाल हिरामणच्याच तुकडीत होता. कळणारा कोणी असलाच या भागात, तर तोच.

“पत्रिका पाठवतो की,” संतोष म्हणाला. ती पाठवायची नाही हे त्याने तिथेच ठरवलं.

मग त्याने भिकनला बाल्कनीत नेलं. भिकनला तक्रारीची काळजी नव्हती. फ्लेक्सवर आपलं नाव नाही, ही खरी तक्रार होती. संतोषने धाकट्याच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं, की कमानीपाशी दुसरा फ्लेक्स लागतोय, स्वागतोत्सुक भिकनभाऊ सरोदे, फोटोसकट, आणि स्टेजवर साहेबांपासून तिसरी खुर्ची.

“दुसरी नाही होणार?” भिकनने विचारलं.

“दुसरीवर शहराध्यक्ष आहेत.”

भिकन आत आला तेव्हा त्याचं मत बरंच मऊ झालं होतं. “तसं बघायला गेलं,” तो वेदिकाला म्हणाला, “लढाईवर गेलेला प्रत्येक माणूस शूरच म्हणायचा.”

रविवारी सकाळी संतोषने वडिलांना सलूनमध्ये पाठवलं, दाढी-कटिंग आणि चेहऱ्याला काहीतरी लावायला. ते तिकडे असतानाच धम्मपाल आला.

नवसाबाईंनी दार उघडलं. धम्मपाल इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा होता. हातात पेढ्यांचा पुडा. उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत, केस नसलेली, जुन्या भाजण्याची.

“जय भीम, वहिनी. कुठंय आपला शूरवीर?”

“या भाऊजी. कटिंगला गेलेत. बसा.”

तो सोफ्याच्या कडेवर बसला. “पोस्टर बघितलं काल. सांजच्याला परत जाऊन बघून आलो. म्हटलं, याला कसं मिळालं? हा तर माझ्यासमोर खड्ड्यात व्हता.” तो हसला, अगदी मोकळेपणी. “हुकूमच व्हता तसा, सगळ्यांनी खड्ड्यात जायचं. मीच गेलो नाय. दारूगोळ्याचा ट्रक पेटलेला, अन् तोफा लगेच शेजारी.”

“म्हाईत हाय मला,” नवसाबाई म्हणाल्या. नवऱ्याने ती गोष्ट त्यांना त्या साली सांगितली होती, आणि मग दर वर्षी.

“मग रातच्याला डोक्यात उजेड पडला. माझं नाव पदकासाठी वर पाठवलं, तवा साक्षीदार म्हणून याची सही घेतली व्हती. एकाच कागदावर आमची दोघांची नावं. ते वर गेलं ते काय खाली आलं नाय. आता जुन्या फायली उघडल्या असतील. नावात गडबड होऊन आधी याचं आलं असंल. पण याचं आलं म्हणजे माझं लय मागं नसंल, काय वहिनी?”

तेवढ्यात संतोष आतून आला. त्याने शेवटची दोन वाक्यं ऐकली होती. तो दोन्ही हातांनी धम्मपालच्या पाया पडला.

“काका, अगदी बरोबर ओळखलंत. प्रोसेस चालू आहे. आज साहेब येतायत, त्यांच्या कानावर घालतो. दिल्लीत आपली माणसं आहेत. तुमचंही काम करून टाकू.”

“म्हणजे निघंल माझं?”

“शंभर टक्के. फक्त आज गर्दी फार आहे, तुम्ही दगदग करू नका. घरीच थांबा. मी येतो पेपर घेऊन.”

धम्मपालने पुडा उघडून पहिला पेढा संतोषच्या हातावर ठेवला. फाटकाबाहेर पडताना तो ताठ चालत होता, चालण्यात जुना ठेका होता. नवसाबाई तो दिसेनासा होईपर्यंत दारात उभ्या होत्या.

“काय सांगितलंस त्याला?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

“आई, म्हातारा खूश होऊन गेला ना?” संतोषने पेढा तोंडात टाकला. “राजकारणात माणूस खूश होऊन जाणं महत्त्वाचं.” त्याचा फोन वाजला आणि तो मंडपाकडे गेला.

वेदिका जिन्यात उभी राहून ऐकत होती. खाली आली तेव्हा आजी मागच्या खोलीत कोट मांडीवर घेऊन बसलेली, हातात ब्लेड. वेदिकाने काही न विचारता कोट ताणून धरला. एकेक टाका तुटत गेला.

“आजी, काल तूच म्हणालीस ना राहू दे?”

“म्हटलं. मला वाटलं कोणाचं काय जातं.” नवसाबाईंनी फीत ओढून काढली. “भाऊजींचं जात व्हतं.”

वेदिकाने फोन घेऊन काल चढवलेली रील काढून टाकली. तोवर ती तिच्याच मावशीकडून, खाली दोन झेंडे लावून, तिला परत आली होती.

हिरामण सलूनमधून गुळगुळीत होऊन आले. बायकोने पेढ्यांचा पुडा आणि ती फीत दोन्ही त्यांच्यासमोर ठेवली आणि कोण येऊन काय बोलून गेलं ते सांगितलं. त्यांनी पेढ्याला हात लावला नाही. फीत खिशात घालून ते तसेच बाहेर पडले.

कॅनॉल रोडला धम्मपालची दोन खोल्यांची जागा होती. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली काचेच्या चौकटीत पाच फिती आणि पाच पदकं, चकचकीत पुसलेली. हिरामणच्या डब्यात होती तीच पाच.

“धम्मा, ही बघ,” हिरामणनी तांबडी फीत टेबलावर ठेवली. “कोणी फाइल उघडली नाय. ही दुकानातली हाय. पोरानं आणली, फोटोत बरं दिसावं म्हणून.”

धम्मपालने फीत उचलली नाही. “कोणत्या दुकानातली?”

“देवळाली कॅम्प.”

“मग मी बसनं जाऊन आणली असती की,” धम्मपाल म्हणाला. “उगीच वाट बघत बसलो.”

मग धम्मपालचा आवाज चढला. “तुझा पोरगा शंभर टक्के म्हणाला मला.”

“तो समद्यांनाच म्हणतो.”

“मला नव्हतं म्हणायचं, हिरामण.”

“नव्हतं,” हिरामण म्हणाले. मग त्यांनी भिंतीवरच्या काचेकडे बोट केलं. “धाकटा म्हणतो या हजेरीच्या चिंध्या हायेत. टाकून द्या म्हणतो. तू काचेत का ठेवल्यास?”

“हजेरीच्याच हायेत. माझी नात शाळेत म्हणाली, आमचे आजोबा लढाईत व्हते. पोरं म्हणाली, कशावरून? मग तिला हे नेऊन दावायला दिलं. हे काय मी शूर व्हतो असं सांगत नाय. व्हतो, एवढंच सांगतं. तेवढं तरी खोटं नाय ना.”

“सांजच्याला चल माझ्यासंगं. मी माइकवर सांगतो समद्यांना.”

“मी नाय येत. आधी माझी फीत तुमच्या कोटाला, मग मी बी तुमच्या स्टेजवर, असं नाय.” धम्मपालने फीत त्यांच्याकडे सरकवली. “तुला सांगायचं तर सांग. भोंगा माझ्या दारापर्यंत ऐकू येतो.”

संध्याकाळी मैदान भरलं होतं. नांदगावच्या जावा पुढच्या रांगेत, नव्या लुगड्यांत. साहेब उशिरा आले, तुतारी वाजली. कोटावर पाचच फिती आहेत हे संतोषला स्टेजवर कळलं, पण तोवर शाल पुढे आली होती, आणि शालीखाली काहीही झाकलं जातं. सत्कार झाला, फेटा झाला, मानपत्राचं वाचन झालं. त्यात हिरामणनी शत्रूच्या तोफांची तोंडं एकट्याने बंद केली होती. मग माइक त्यांच्या हातात आला. त्यांनी शाल काढून भिकनच्या हातात दिली.

“माझ्या पाच फिती हायेत,” ते म्हणाले. आवाज कवायतीच्या मैदानावरचा होता, आणि भोंग्याला त्याची फारशी गरज नव्हती. “पाची नोकरीच्या हायेत. शौर्याची एक बी नाय. पोस्टरवर लिहिलंय ते खोटं हाय. एकाहत्तरला दारूगोळ्याचा ट्रक पेटला. आम्ही खड्ड्यात व्हतो, मी बी व्हतो. धम्मपाल एकटा त्या ट्रकमधी चढला अन् त्यानं तो डावीकडं नाल्यात नेला. नायतर आज मी इथं नसतो, अन् हा संतोष बी नसता. पदक त्याला पायजे व्हतं. त्याला मिळालं नाय. माझ्या कोटावर सहावी फीत व्हती ती दुकानातली. धम्मपाल कॅनॉल रोडला राहतो.”

संतोषने साहेबांकडे पाहिलं. मग साहेब उठले, हिरामणच्या हातातला माइक त्यांनी अलगद घेतला, आणि डोळ्यांना रुमाल लावला.

“पाहिलंत?” ते म्हणाले. “याला म्हणतात मोठेपणा. स्वतःचं शौर्य मित्राच्या नावावर करणारी ही माणसं. आजच्या काळात कोण सांगतं हो, की मी शूर नाही म्हणून? शूर असतो तोच सांगतो.”

टाळ्यांचा पाऊस पडला. तुतारी पुन्हा वाजली.

“नाय साहेब, खरंच दुकानातली हाय,” हिरामण म्हणाले. ते माइकमध्ये अर्धवट गेलं आणि टाळ्या आणखी वाढल्या. तिसऱ्या खुर्चीवरचा भिकन डोळे पुसत होता. नांदगावची थोरली जाऊ नवसाबाईंचा हात दाबून म्हणाली, “केवढं मन गं यांचं.” नवसाबाईंनी हात सोडवून घेतला. ज्या क्षणासाठी त्यांनी ती फीत राहू द्या म्हटलं होतं, तो क्षण फितीशिवायच आला होता आणि त्यांना तो नको होता.

खाली उतरताना साहेबांनी संतोषच्या कानात सांगितलं, तिकीट पक्कं. फक्त वडिलांना प्रचारात घरोघर फिरवायचं. संतोष नुसती मान हलवत राहिला. खरं बोलण्याचा इतका फायदा होतो, हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी संतोष पक्षाच्या कार्यालयात गेला. जाताना वडिलांच्या खोलीच्या दारात थांबला, “अण्णा,” म्हणाला, आणि निघून गेला.

हिरामण ओसरीत बसले होते. फाटक वाजलं. धम्मपाल आत आला आणि समोरच्या खुर्चीत बसला.

“ऐकलं,” तो म्हणाला.

“समदं?”

“टाळ्यांनी शेवटचं बुडालं. पण नाव आलं. दोनदा आलं.” त्याने चष्मा पुसला. “सकाळपासून गल्लीतले तिघं येऊन हात बघून गेले. एकानं फोटो बी काढला.” मग तो पुढे झुकला. “पण ट्रक डावीकडं नेला म्हणालास.”

“डावीकडंच नेला.”

“उजवीकडं. नाला उजवीकडं व्हता.”

“धम्मा, नाला डावीकडं व्हता.”

“चालवत मी व्हतो का तू?”

“तू धुरात व्हतास. तुला काय दिसणार. मला खड्ड्यातनं साफ दिसत व्हतं.”

धम्मपाल तोंड उघडून बघत राहिला आणि मग खो खो हसत सुटला, इतका की त्याला ठसका लागला. हिरामण हसले नाहीत. नाल्याच्या बाबतीत ते गंभीर होते.

नवसाबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवले आणि आत जाऊन कोट घेऊन परत आल्या. “वीस वर्षांची यातली कोणती?”

“शेवटची. का गं?”

त्यांनी उंबऱ्यावर बसून ब्लेड काढलं आणि टाके तोडायला घेतले.

“अगं, ती खरी हाय. ती कशाला काढतेस?”

“खरी हाय म्हणूनच.” नवसाबाईंनी मान वर केली नाही. “वीस वर्षं तुम्ही तिकडं हजर व्हते. इथं कोण व्हतं? संतोषला गोवर निघाला तवा कोण व्हतं? तुमच्या आईला शेवटचं पाणी कोणी पाजलं? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेलं, पोटात पोर असताना? ते पोर ऱ्हायलं बी नाय. तुम्ही दवाखान्यात गालफुगीनं पडले त्याची सरकारनं तुम्हाला फीत दिली.”

हिरामणनी हातातला कप खाली ठेवला.

“बाकीच्या ठेवा, नायतर टाका. पोरांना काय करायचं ते करू द्या,” नवसाबाई म्हणाल्या. “ही माझी.”

“घ्या वहिनी,” धम्मपाल म्हणाला.

“तुम्हाला नाय विचारलं भाऊजी. चहा प्या.”

शेवटचा टाका तुटला. फीत त्यांनी दोन बोटांत धरून उजेडात नीट पाहिली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्या उठल्या तसे हिरामणही उठले. त्या आत जाईपर्यंत ते ताठ उभे होते, हात दोन्ही बाजूंना सरळ.